काचेतलं पाणी

बुधवारी संध्याकाळी आतल्या खोलीतला बल्ब गेला. नवा बल्ब घरात होता, स्टूल आतच होतं, म्हणून मी बल्ब खिशात टाकून टॉर्च घेऊन आत गेलो. स्टूल ओढताना त्याचा पाय चादरीच्या टोकात अडकला आणि चादर सरकत खाली आली. एक वर्ष आणि आठ महिने मी ती चादर काढलेली नव्हती. खाली इंजिन होतं, तसंच, टेबलावरच्या रुळाच्या तुकड्यावर. चादर परत टाकायला मी वाकलो आणि टॉर्चचा झोत इंजिनाच्या पाठीवर पडला, जिथे चालवणाऱ्याचे सगळे नळ आणि दांडे असतात. पाण्याच्या काचेत पाणी होतं. बरोबर अर्ध्यावर. मी टॉर्च हलवला, पातळी चमकली. बोट लावलं, काच गार होती. मग मी फरशीवर बसलो, त्या चादरीवरच. खिशातला बल्ब फुटला हे मला उठल्यावर कळलं.

ज्यांनी असलं इंजिन पाहिलेलं नाही त्यांना थोडं सांगायला हवं. हे खेळणं नव्हे आणि खरं इंजिनही नव्हे. माझ्या गुडघ्यापेक्षा कमी उंच, दोन हात लांब, सहा चाकं, तांब्याचा बॉयलर, खाली भट्टीत खरा कोळसा, आत खरं पाणी आणि ऐंशी पाउंडाची खरी वाफ. मागे एक छोटी गाडी जोडायची, तिच्यावर घोड्यावर बसतात तसं दोन्हीकडे पाय सोडून बसायचं, आणि ते आपल्याला ओढतं. माझ्यासारखे दोन-तीन बसले तरी ओढतं. काच म्हणजे बॉयलरच्या पाठीवर उभी केलेली बोटभर नळी, पेनातल्या रिफिलीपेक्षा थोडी जाड. तिचं वरचं टोक वाफेकडे उघडं, खालचं पाण्याकडे. आत जेवढी पातळी तेवढी काचेत दिसते. पाणी काचेच्या खाली गेलं की भट्टीचा माथा उघडा पडतो आणि बॉयलर कामातून जातो. म्हणून चालवणारा माणूस समोर कमी आणि काचेत जास्त पाहतो. फेऱ्या संपल्या की पहिलं काम म्हणजे खालचा नळ उघडून बॉयलर रिकामा करणं. थोडी वाफ शिल्लक असतानाच करायचं, म्हणजे गाळही निघून जातो. पाणी तसंच ठेवून इंजिन घरी नेणं म्हणजे खरकटी भांडी कपाटात लावण्यासारखं आहे. चोवीस वर्षांत मी ते एकदाच केलं. त्या रविवारी मी इंजिन रुळावर धगधगतं सोडून रुग्णवाहिकेत बसलो. चार दिवसांनी क्लबातल्या लोकांनी ते घरी आणून ठेवलं आणि वर चादर टाकली. आमच्या क्लबाचा एक नियम आहे, कुठे लिहिलेला नाही, पण सगळे पाळतात. दुसऱ्याच्या इंजिनाच्या नळाला हात लावायचा नाही. काही का होत असेना, आधी मालकाला हाक मारायची. म्हणजे पाणी कोणी सोडलं नसणार. म्हणजे काचेत दिसत होतं ते त्याच दिवसाचं पाणी, माझ्या बायकोने भरलेलं.

ती विम्याच्या कचेरीत फायली सांभाळायची. तिच्या खिडकीबाहेर एसीची नळी होती, तिच्यातून दिवसभर पाणी ठिबकायचं. त्या पाण्यात क्षार नसतात, बॉयलरात थर बसत नाही, असं मी एकदा जेवताना बोलून गेलो होतो. त्याच शुक्रवारी ती पाच लिटरचा कॅन मांडीवर घेऊन बसने घरी आली. पुढे एकोणीस वर्षं दर शुक्रवारी आली. ऑफिसातल्या बायका विचारायच्या, अगं, हे पाणी नेऊन करतेस तरी काय? ती सांगायची, घरी एक म्हैस पाळलीय, तिला दुसरं पाणी चालत नाही. तेव्हापासून इंजिनाचं नाव म्हैस. मी त्याला दुसरं भारदस्त नाव द्यायचं ठरवलं होतं, पितळी पट्टीसुद्धा कापली होती, पण म्हैस म्हटल्यावर सगळा क्लब हसला आणि विषय संपला. तिला इंजिनाची आवड होती असं मी म्हणणार नाही. तिला कोळशाचा वास आवडायचा नाही, माझे काळे रुमाल धुताना ती जे बोलायची ते इथे लिहिण्यासारखं नाही. रविवारी एकटीने घरी बसायचं नव्हतं, एवढंच. पण पाणी भरायचं काम तिचं होतं. नरसाळ्यावर मलमलचं फडकं धरून ती कॅन तिरका करायची आणि भरताना अजिबात बोलायची नाही. एरवी तिला गप्प बसवणं माझ्या बापाला जमलं नसतं.

गुरुवारी सकाळी मी परत आत गेलो आणि दिवसाच्या उजेडात पाहिलं. पाणी होतं. दुपारी पाहिलं, होतं. मी नवा बल्ब आणायला गेलो आणि दुकानात उभा राहून मला आठवेना की मी काय न्यायला आलोय. दुकानदार म्हणाला, काका, घरी फोन करून विचारा ना. मी बरं म्हटलं आणि बाहेर आलो. मी तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मोठमोठ्या इमारतींच्या लिफ्टच्या विहिरीत उतरलो, दोरांना कान लावले, दोन मजल्यांच्या मधे अडकलेल्या बायकांशी फटीतून बोलत राहिलो, घाबरू नका, पाच मिनिटं, झालंच. आणि राहतो तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत. ती म्हणायची, सुताराचं स्टूल नेहमी डुगडुगतं. अडकलेल्या माणसाशी काय बोलायचं ते मला माहीत होतं. पण घरी आल्यावर त्या खोलीच्या दाराशी उभं राहून मी काय बोलणार? काचेत पाणी होतं. ते कॅनमध्ये होतं तेव्हा तिच्या मांडीवर होतं.

शुक्रवारी मुलीचा फोन आला. ती दुसऱ्या शहरात असते. मी पुढच्या महिन्यात तिच्याकडे कायमचा जायचं ठरलेलं होतं, म्हणजे तिने ठरवलं होतं आणि मी बरं म्हटलं होतं. छोटी चार इंजिनं मी नेणार होतो. ती फळीवर बसतात, स्पिरिटवर चालतात. जुन्या बाजारातून एकेक करून जमवलेली, कोणाची चाकं बदलली, कोणाचं धुराडं. म्हैस मात्र पाचव्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत कुठे बांधायची? ती क्लबाला द्यायची असं ठरलं होतं. क्लब घेणार, पण तपासणीचा कागद असला तरच. बॉयलरचा कागद संपून सहा महिने झाले होते.

"बाबा, रविवारी ते काका येतायत ना तपासायला?" मुलगी म्हणाली.

"येतोय."

"मग ते झालं की मला सांगा. आणि जेवलात का?"

"जेवलो."

"काय?"

मी काय ते सांगितलं. तिला खरं वाटलं नसावं. ती आईसारखी एकदा विचारून थांबत नाही.

तपासणी म्हणजे जुनं पाणी आधी पूर्ण काढायचं. मग बॉयलर ताज्या थंड पाण्याने तोंडापर्यंत भरायचा, हातपंपाने दाब चढवायचा, ऐंशीच्या दीडपट, एकशेवीस, आणि वीस मिनिटं काटा हलतो का आणि कुठे घाम सुटतो का ते बघायचं. हे मला पाठ होतं. शुक्रवारी आणि शनिवारी मी फोन उचलून खाली ठेवला, चार वेळा तरी. तपासनिसाला येऊ नको म्हणून सांगायचं होतं. कारण काय सांगायचं ते ठरत नव्हतं. सर्दी झालीय? पाहुणे आलेत? माझ्याकडे कोण पाहुणे येणार? आणि खरं कारण सांगितलं तर तो काय म्हणेल तेही मला माहीत होतं. तो म्हणेल, अरे, दोन वर्षांचं पाणी पोटात ठेवलंस, पितळेची वाट लागली असेल. आणि ते बरोबर आहे. माझ्याकडे दुसरा कोणी आला असता आणि म्हणाला असता की मला बॉयलरात जुनं पाणी ठेवायचंय, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. शनिवारी मी फळीवरचं सगळ्यात लहान इंजिन काढलं, जेवणाच्या टेबलावर गोल रूळ मांडले, स्पिरिट घातलं आणि पेटवलं. पूर्वी जेवून झालं की मी कधीकधी असं करायचो आणि ती ताटं उचलून वाट करून द्यायची. ते इंजिन फिरत राहिलं. त्याला थांबवायचा दांडा नाही, स्पिरिट संपलं की थांबतं. अकरा मिनिटं ते फिरलं. त्याच्या मधोमध एकच ताट होतं. थांबल्यावर मी ते ताट घासलं.

पण मी काच तपासली नाही. हे मला इथेच लिहायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातून आलं. काच नुसती पाहून भागत नाही. ती खोटं बोलू शकते. खालच्या वाटेत कचरा अडकला तर काचेतलं पाणी तिथेच अडकून राहतं आणि आत बॉयलर कोरडा झाला तरी काच अर्धीच्या अर्धी दिसते. म्हणून काचेखाली एक बारीक नळ असतो. तो क्षणभर उघडायचा. पाणी खाली पळतं. बंद करायचा. पाणी उसळून परत वर आलं तर काच खरी. याला आम्ही काचेला विचारणं म्हणतो. गाडी सुरू करायच्या आधी विचारायचं, मधे विचारायचं, शंका आली की विचारायचं. हे मी तिलाही शिकवलं होतं आणि ते तिला आवडलं होतं. "म्हणजे एकदा हो म्हटलं तरी विश्वास ठेवायचा नाही," ती म्हणाली होती, "सासूबाईंसारखं." आमचा तपासनीस तेव्हा बाजूला उभा होता. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही ह्या इंजिनाला पाण्यात बघता असं ऐकलं." ती म्हणाली, "भावजी, मी पाण्यात बघते आणि हे काचेत बघतात. माणसांकडे बघायला कोणाला वेळ आहे?" मग सगळे हसले. मीही हसलो. बुधवारपासून शनिवारपर्यंत मी काचेला विचारलं नाही, कारण विचारायचं म्हणजे नळ उघडायचा आणि नळ उघडला की ते पाणी जाणार. माझ्या हातून ते झालं नसतं.

एक वर्ष आणि आठ महिन्यांपूर्वीचा तो रविवार मी कोणाला सांगितलेला नाही. सांगण्यासारखं त्यात फार नाहीही. बागेच्या मागच्या बाजूला आमचा रूळ आहे, खांबांवर उचललेला, कमरेएवढा उंच, गोल. एका फेरीला सव्वा मिनिट लागतं. ती नेहमीच्या बाकावर बसली होती, पायाशी कॅन. सकाळी तिने टेम्पोत खिडकी उघडायला सांगितली होती आणि जिन्यात दोनदा थांबली होती. मी म्हटलं होतं, उशीर होतोय. आठव्या फेरीला बाकासमोरून जाताना मला ती जरा वेगळी दिसली. म्हणजे काय दिसलं ते मला अजून सांगता येत नाही. मी गाडी थांबवली नाही. जाता जाता ओरडून विचारलं, "बरं वाटतंय ना?" तिने हात वर केला. "हो हो. मारा अजून एक." मी अजून एक मारली. त्या फेरीत मी काचेकडे किती वेळा पाहिलं ते मी सांगू शकतो, कारण मी नेहमी तेवढंच पाहतो. दर दहाव्या खांबाला एकदा, म्हणजे सहा वेळा. वळणावर शंका आली म्हणून काचेला एकदा विचारलंसुद्धा. पाणी खाली गेलं, उसळून वर आलं. काच खरी होती. परत बाकासमोर आलो तेव्हा ती एका बाजूला कलली होती आणि तिचा हात कॅनच्या मुठीत होता. मंगळवारी ती गेली. डॉक्टर म्हणाले, लवकर आणूनही काही फरक पडला नसता. त्यांना मी सव्वा मिनिटाचं विचारलंच नव्हतं. मी नुसतं म्हणालो होतो, आणखी लवकर आणलं असतं तर. सव्वा मिनिट माझं मी मोजलेलं आहे. ते सांगत होते तेव्हा माझ्या अंगाला कोळशाचा वास येत होता.

या रविवारी साडेदहाला तपासनीस आला. त्याला सगळे बंब म्हणतात. एक तर तो जन्मभर इस्पितळाच्या धुलाईघरात बॉयलरवर होता आणि दुसरं म्हणजे त्याचं पोट. तो येतोय हे मला पहिल्या मजल्यापासून ऐकू आलं. दुसऱ्या मजल्यावर आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. मग परत पावलं.

"तुझा जिना वाढलाय," दारातून आत येत तो म्हणाला. "मागच्या वेळी एवढा नव्हता. एवढ्या लिफ्टा लावल्यास लोकांच्या, एक चोरून आणता आली नाही?"

"पाणी देऊ?"

"दे. आणि म्हशीला पण दे." तो खुर्चीत बसला, पंपाची पिशवी पायाशी ठेवली आणि रुमालाने मान पुसत राहिला. ग्लास त्याने दोन्ही हातांनी धरला. एरवी तो येताच कामाला लागतो. मी त्याच्याकडे पाहत होतो, पण माझं लक्ष आतल्या खोलीत होतं.

मी म्हणालो, "आज राहू दे का?"

"का?"

"असंच."

"असंच म्हणजे काय? तीन जिने चढवलेस की मला. क्लबात तिची जागासुद्धा झाडून ठेवलीय पोरांनी." मग तो जरा हळू बोलला. "द्यायची नसेल तर तसं सांग. कोणी जबरदस्ती नाही केलेली. पण तपासून घे. कागद असू दे."

मी उठलो. आम्ही दोघांनी म्हैस दोन्हीकडून धरून खिडकीपाशी उजेडात आणली. उचलताना तो म्हणाला, "हलकी झालीय." मी म्हटलं, तू जाडा झालायस. त्याने चष्मा बदलला आणि वाकून पाहू लागला. नळ, नळ्या, रिबिटं, भट्टीचं दार. त्याची बोटं जाड आहेत, पण कामात हलकी असतात. काचेशी येऊन तो थांबला.

"हे काय? काचेत पाणी कसं?"

"त्या दिवसाचं आहे," मी म्हणालो. "तिने भरलेलं. बॉयलर रिकामा करायचा राहिला ना."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग काचेकडे. हात खाली नेऊन त्याने बॉयलरचा खालचा नळ उघडला. मी थांब म्हणणार होतो. तोंड उघडलंही होतं. नळातून काहीच आलं नाही. एक थेंबही नाही. नळाच्या तोंडावर हिरवट डाग होता, तेवढाच.

"रिकामा आहे," तो म्हणाला. "मीच सोडलं होतं त्या दिवशी. तुम्ही गेलात, म्हैस फसफसत उभी होती, सेफ्टी व्हॉल्व्ह ओरडत होता. मी विस्तव काढला आणि नळ उघडला. नियम माहीत होता मला. पण कोणाला विचारणार होतो? तुला रुग्णवाहिकेत फोन करणार होतो?" तो थांबला. "मागाहून सांगायला हवं होतं. तू कधी विचारलं नाहीस. माझी जीभ उचलली नाही."

काचेत पाणी अजून अर्ध्यावरच होतं. नळ उघडा, बॉयलर कोरडा आणि काच अर्धी. मी चोवीस वर्षं हे लोकांना शिकवत आलो होतो. मला हसू येईल असं वाटलं, पण आलं नाही. बागेत कुठेतरी जमिनीत मुरून ते सगळं पाणी एक वर्ष आणि आठ महिन्यांपूर्वीच गेलेलं होतं. चार दिवस मी एका चमचाभरसुद्धा नसलेल्या पाण्याशेजारी दबक्या पावलांनी चालत होतो. मी स्टुलावर बसलो. बंबाने मला बसू दिलं. तो आपला पान्हा शोधत होता, किंवा तसं दाखवत होता.

"खालची वाट तुंबलीय," पान्हा हातात घेऊन तो म्हणाला. "काच काढायला लागेल."

त्याने वरचा नट सैल केला, मग खालचा, रबराच्या रिंगा हळूच सरकवल्या आणि नळी वर ओढून घेतली. सवयीने त्याने तिची दोन्ही टोकं बोटांनी दाबली होती. "धर," तो म्हणाला, आणि मी माझी बोटं त्याच्या बोटांच्या जागी ठेवून ती घेतली. अंगठा वर, पहिलं बोट खाली. बोटभर नळी, त्यात अर्धी नळी पाणी. ते जरा तिरकं झालं की बुडबुडा इकडून तिकडे जायचा. आजवर मी ते फक्त बाहेरून पाहिलं होतं. आता ते माझ्या कातडीला लागलेलं होतं, अंगठ्याला नाही, खालच्या बोटाला, राईएवढ्या जागेत.

बंब बारीक तारेने वाट कोरत होता. तारेच्या टोकाला एक काळी गोळी आली. ती त्याने तळहातावर घेऊन नखाने फोडली. "गाळ. कीट. आणि हे बघ, सूत आहे. फडक्याचं." एक धागा होता, पांढरा होता की नाही ते आता कळत नव्हतं. गाळ त्या धाग्याभोवती बसत गेला होता. मलमलचं ते फडकं तिच्या जुन्या ओढणीचं होतं. मी तिला सांगितलं होतं की ते आता विरलंय, बदल. ती म्हणाली होती, तुमच्या म्हशीला काय जरीचं आणू?

"अरे, तो छोटा पान्हा दे," बंब म्हणाला. "हात मोकळा कर की एक."

मी खालचं बोट काढलं. पाणी पडलं नाही. वरून अंगठा दाबलेला असला की पडत नाही, हे कोणालाही माहीत आहे, मलाही माहीत होतं, तरी मी ते पाहत राहिलो. त्या हाताने त्याला पान्हा दिला. बादलीत तपासणीचं पाणी तयार होतं, साधं, नळाचं. खालचा नळ बंद करून बंब म्हणाला, "भर आता." मी बॉयलरच्या डोक्यावरचा व्हॉल्व्ह एका हाताने काढला, तिथे नरसाळं ठेवलं. मग नळी नरसाळ्यावर धरली आणि अंगठा उचलला. आवाज वगैरे काही झाला नाही. मागोमाग मी बादलीतलं पाणी तांब्याने ओतू लागलो. भरताना मी काही बोललो नाही. बंबाने ते पाहिलं असेल. काचेच्या वाटांना बुचं मारून, व्हॉल्व्हच्या जागचं बूच हाताशी ठेवून, तो पंपाची नळी जोडत होता.

एकशेवीसवर काटा वीस मिनिटं उभा राहिला. एक सांधा पाझरला नाही. आम्ही दोघं घड्याळाकडे पाहत बसलो होतो. बंब म्हणाला, वहिनी असत्या तर या वीस मिनिटांत अख्ख्या ऑफिसची बातमी ऐकायला मिळाली असती. मी म्हटलं, वर तुला जेवूनच जा म्हणाली असती. "मग म्हण ना तू," तो म्हणाला. घरात काही नव्हतं. मी तसं सांगितलं. दाब उतरवल्यावर आम्ही पाणी अर्ध्यावर आणलं, काच परत बसवली, आणि त्याने मला खूण केली. मी काचेखालचा बारीक नळ उघडला. पाणी खाली पळालं, नळी पूर्ण मोकळी झाली. बंद केला. पाणी परत वर आलं, जरा वर जाऊन खाली येऊन अर्ध्यावर थांबलं. मी पुन्हा एकदा विचारलं. पुन्हा तेच. त्याने कागदावर सही केली. "देणार ना क्लबाला?" मी म्हटलं, मुलीशी बोलतो. तो म्हणाला, सावकाश बोल, जागा कुठे पळून जात नाही.

त्याला दारापर्यंत सोडायला गेलो. त्याने पिशवी खांद्याला अडकवली, एका हाताने कठडा धरला आणि पहिली पायरी उतरायच्या आधी थांबला. पाठमोरा होता. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता आणि खोलीत तर पंखा चालू होता.

"बरं वाटतंय ना?" मी म्हटलं.

"हो रे. मला काय धाड भरलीय?" तो तीन पायऱ्या उतरला.

मी दार लावलं नाही. जिन्यात खालून कोणाच्या तरी घरची शिट्टी ऐकू आली, कुकरची. मी बाहेर आलो.

"बंबा, नीट सांग. बरं वाटतंय का?"

तो वळला नाही. कठड्यावरचा हात तसाच होता. मग त्याने पिशवी खांद्यावरून काढून पायरीवर ठेवली आणि स्वतःही बसला, एकेक गुडघा वाकवत, जड सामान उतरवतात तसा.

"आडवं झालं की श्वास पुरत नाही," तो म्हणाला. "खुर्चीत बसून झोपतो."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील. घरी नाही सांगितलेलं. विचारतात ती, मी म्हणतो गुडघा दुखतोय."

जिना अरुंद आहे आणि तो सगळा भरून बसला होता. मी आत जाऊन किल्ली घेतली, दाराला कुलूप लावलं आणि खाली उतरून त्याच्यापाशी आलो.

"सरक," मी म्हटलं.

त्याने पिशवी मांडीवर घेतली आणि भिंतीकडे सरकला.